मोटर कुठं बसवावी?

अकोल्याचे रस्ते सपाट. तरी साठीनंतर माझे गुडघे कुरकुरू लागले. सायकल काही सोडवेना, म्हणून तिला विजेची मोटर लावायचं ठरवलं. पुढच्या चाकात बसवणं सर्वांत सोपं, तीच बसवली. पहिल्याच पावसात शेतरस्त्याच्या काळ्या मातीत पुढचं चाक जागच्या जागी फिरलं, हँडल वळलं आणि मी चिखलात! कारण साधं आहे. आपलं वजन मागच्या चाकावर जास्त, म्हणून पकडही तिथंच. मग मागच्या चाकाची मोटर घेतली. पंक्चर काढताना वायर सोडवावी लागते, एवढाच त्रास.

अमरावतीचा माझा भाचा मात्र परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढतो. त्याची मोटर मधोमध, पायडलपाशी. ती चेन ओढते, त्यामुळे चढावर हलका गिअर तिच्याही कामी येतो. चेन लवकर झिजते, हे खरं. आणि बिनगिअरच्या सायकलला हा फायदा नाही.

मोटर २५० वॅटच्या आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर नोंदणी लागत नाही. तेव्हा आपल्या रोजच्या रस्त्यात चढ किती, चिखल किती, ते आधी बघा. मोटर मग निवडा.