शिध्याच्या पिशवीत काय असावे?



आमचे शिक्षण कामगार संघटनेच्या कचेरीत, पगाराच्या चिठ्ठ्या आणि सरकारी परिपत्रके वाचता वाचता झाले. तेव्हा आजचा विषयही हिशेबाच्याच भाषेत मांडतो. गरिबाला अन्नासाठी जी सरकारी मदत मिळते, तीत गोडधोड, तळकट, पाकिटबंद खाणे, ज्याला आज जंक फूड म्हणतात, ते बसावे काय?

अमेरिकेत हा वाद जुना आहे. तेथे गरिबाला खरेदीचे कार्ड मिळते. त्या कार्डावर साखरेचे थंडगार पेय घेता येई, पण दुकानात शिजलेले गरम जेवण घेता येत नसे! २०२५ साली नेब्रास्कासह काही राज्यांनी अशी पेये वगळण्याची परवानगी केंद्राकडून मिळविली. कोणी म्हणाले, छान झाले. कोणी म्हणाले, गरिबाच्या ताटात डोकावणारे तुम्ही कोण?

आपल्याकडे मुख्यतः कार्डावर पैसे मिळत नाहीत, पिशवीत धान्य मिळते. पिशवीत काय घालायचे ते सरकार ठरविते. म्हणून दोष शोधायचा तर प्रथम पिशवीत शोधावा.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातील माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळते. २०२३ पासून ते मोफत आहे. ही थोर गोष्ट आहे, तिला आम्ही नावे ठेवणार नाही. पण ५ किलो म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम, आणि आपल्या भागात ते बहुतांशी तांदूळ-गहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सांगितलेल्या आहारात दिवसाला ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये आहेत. म्हणजे माणशी महिन्याला अडीच किलो. कायद्याच्या पिशवीत डाळ नाही. अंत्योदय कुटुंबाला साखर मात्र ठरलेली आहे, महिन्याला १ किलो.

आता 'आनंदाचा शिधा' घ्या. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने १०० रुपयांत रवा, चणाडाळ आणि साखर प्रत्येकी १ किलो, आणि १ लिटर पामतेल दिले. शहाणे लोक म्हणाले, साखर आणि पामतेल कशाला? आमचे म्हणणे वेगळे आहे. सणाला गरिबाच्या घरी करंजी तळली गेली, तर कोणाचे काय बिघडले? बिघाड निराळाच आहे. त्या चार जिनसांत अंगी लागणारी जिन्नस डाळ, आणि तीच नेमकी सणापुरती!

मग जंक फूडला दार उघडे ठेवावे काय? मुळीच नाही. २००७-०८ च्या सुमारास बिस्किटे करणाऱ्या कारखानदारांच्या संघटनेने खासदारांना गळ घातली, की शाळेतल्या शिजलेल्या जेवणाऐवजी मुलांना बिस्किटे द्यावीत. काही खासदारांनी शिफारसही केली. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच शिजवलेले जेवण देण्याचा आदेश दिला होता. केंद्राने बिस्किटे नाकारली. योग्य केले. सार्वजनिक पैशाने भुकेलेल्याचे पोट भरावे. मालाला गिऱ्हाईक मिळवून देणे हे त्या पैशाचे काम नव्हे.

कोणी विचारील, मग गरिबाने वडापाव खाऊ नये काय? खुशाल खावा. आपल्या घामाच्या मजुरीतून माणूस काय खातो, हा त्याचा प्रश्न. आणि तो वडापाव का खातो तेही पाहा: पाळी गाठायची असते, घरी चूल पेटवायला वेळ नसतो. त्याला उपदेश करण्यापेक्षा जेवणाची सुट्टी आणि पुरेशी मजुरी द्या.

शेवटी आपल्या तालुक्याविषयी. आपल्या वरकस जमिनीत नाचणी, वरी, कुळीथ पिकत आले. अन्नसुरक्षा कायद्यात भरड धान्याला जागा आहे. २०२५-२६ साठी केंद्राने नाचणीला क्विंटलमागे ४,८८६ रुपये हमीभाव जाहीर केला. साध्या भाताला २,३६९. मग अडते कोठे? उतारावरची लावणी कष्टाची, मजूर मिळत नाहीत, उरलेले वानर-डुकरे ठेवीत नाहीत. आणि हमीभाव कितीही असो, जवळ खरेदी केंद्र नसेल तर तो शेतकऱ्याच्या हाती पडत नाही. म्हणजे आमचा पोरगा बिस्किटाचा पुडा फोडतो आणि आजोबांचे नाचणीचे रान ओसाड पडते, हे एकाच दुखण्याचे दोन भाग आहेत.

तेव्हा आमची विनंती इतकीच, की ग्रामसभेत आणि रेशनच्या दक्षता समितीत दोन ठराव मांडा: पिशवीत बारमाही डाळ हवी, आणि येथली नाचणी येथेच हमीभावाने घेऊन येथल्याच रेशन दुकानात द्यावी. बिस्किटवाल्यांना आपले म्हणणे दिल्लीपर्यंत पोचविता आले. आपल्याला निदान देवरूखच्या तहसील कचेरीपर्यंत तरी ते पोचविता आले पाहिजे.