दिव्याची बैठक



विषय ऐकून काहींनी आम्हांला विचारले, की युनियनच्या माणसाचा आणि टेबलावरच्या शोभेच्या दिव्याचा संबंध काय? वस्तू दिसली की ती किती हातांनी केली हे विचारायची आम्हांला खोड आहे, एवढाच संबंध.

उदगीर, अहमदपूर, निलंगा हे आपले तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. तेव्हा बिदरी काम परमुलखाचे मानायचे कारण नाही. नबाबी गेली, हुक्का गेला. पण हुक्क्याच्या भांड्याचा तो खाली फुगीर, वर निमुळता घाट टेबलदिव्याच्या बैठकीला अगदी मापात बसतो.

कारागिराच्या पुढ्यात कच्चा माल म्हणाल तर जस्त, थोडेसे तांबे, चांदीची तार आणि माती. एरंडेल व राळ घालून मळलेल्या मातीच्या साच्यात रस ओततात. निघालेले भांडे कानशीने घासून त्यावर मोरचूद चोळले, की ते तात्पुरते काळे होते. हा काळेपणा केवळ रेघ उमटून दिसावी म्हणून! मग सुईसारख्या हत्याराने हातानेच वेलबुट्टी काढायची, छिन्नीने ती खोदायची आणि खाचेत चांदी ठोकून बसवायची. पुन्हा घासले की सारेच करडे. चांदी कोठली आणि जस्त कोठले, चटकन ओळखू येत नाही. शेवटी बीदरच्या किल्ल्यातली, ऊनपाऊस न लागलेली माती नवसागराबरोबर कालवून गरम भांड्यावर चोळतात. जस्त काळेभोर होते, चांदीला डागही लागत नाही. ही माती जुने कारागीर जिभेवर ठेवून पारखतात. (प्रयोगशाळा खिशाला परवडत नाही, जीभ परवडते.) वर दिवा लागला, की काळे अंग उजेड गिळते आणि चांदीची वेल तेवढी लखलखते.

इसामू नोगुची हा अमेरिकन शिल्पकार १९५१ साली जपानात गिफू येथे गेला. तेथील तुतीच्या सालीचा कागद आणि बांबूच्या कामट्या घेऊन त्याने ‘आकारी’ नावाचे दिवे योजले. जगभर ते नोगुचीचे म्हणून ओळखले जातात. त्याची बुद्धी मोठी, यात शंका नाही. पण कामटीवर कागद चढवणारे हात गिफूच्या कारागिरांचे होते आणि त्यांची नावे विकत घेणाऱ्याला ठाऊक नसतात.

बीदरला २००६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. २०२३ साली शाह रशीद अहमद कादरी या कारागिराला पद्मश्री मिळाली, याचा आम्हांला मनापासून आनंद झाला. पण मानांकनाने नाव राखले जाते, मजुरी ठरत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने विजेवर चालणाऱ्या जागी १० आणि विजेवाचून चालणाऱ्या जागी २० कामगार ही मर्यादा घातली. चौघांची कार्यशाळा तिच्याबाहेरच राहिली. तेथे कोण किती तास वाकून बसतो, वितळत्या जस्ताचा धूर कोणाच्या छातीत जातो, हे पाहायला निरीक्षक येणार कोठून? चांदी महागली की खरेदीदार घासाघीस करतो ती मजुरीत, कारण चांदीचा भाव वर्तमानपत्रात छापलेला असतो.

म्हणून आमचे मागणे साधे आहे. दिव्याच्या पावतीवर चांदीची किंमत वेगळी लिहावी, मजुरी वेगळी. आणि बैठकीच्या तळाशी ओतणारा, खोदणारा व चांदी बसवणारा अशी तीन नावे कोरावीत. जागा पुरेल, तळ वितीएवढा तरी असतोच.