खुब्याचे दुखणे आणि लाल कार्ड



नागझिऱ्याच्या अरण्याभोवती, गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांच्या सीमेवर पसरलेल्या धानाच्या पट्ट्यातून लंगडणारे मूल अस्थिरोगतज्ज्ञापुढे येते, तेव्हा क्ष-किरण चित्रात चपटे झालेले, तुकडे पडल्यासारखे दिसणारे मांडीच्या हाडाचे डोके पाहून ‘पर्थेस’ असे लिहून मोकळे होण्याची घाई करू नये. कारण तसेच चित्र सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारातही दिसते, आणि दोन्ही आजारांची पुढची वाट मात्र वेगळी असते.

पर्थेसमध्ये मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा काही काळ खंडित होतो आणि त्याचे नेमके कारण अद्याप उलगडलेले नाही. हाडाचा तो भाग मृत होतो, शरीर तो हळूहळू शोषून घेते आणि त्या जागी नवे हाड तयार होते. दोन ते चार वर्षे चालणाऱ्या या उलथापालथीत डोके खोबणीत नीट बसलेले राहिले तरच ते गोल भरून येते. हा आजार बहुधा चार ते आठ वर्षांच्या वयात होतो आणि मुलींपेक्षा मुलग्यांत चार-पाच पटींनी अधिक आढळतो. १९१० साली बोस्टनचे लेग, फ्रान्सचे काल्व्हे आणि जर्मनीचे पर्थेस यांनी त्याचे स्वतंत्रपणे वर्णन करण्यापूर्वी अशी मुले सहसा खुब्याच्या क्षयाची रुग्ण मानली जात. त्याच वर्षी शिकागोत जेम्स हेरिक यांनी सिकलसेलमधील विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशींची नोंद प्रसिद्ध केली. या योगायोगाला शास्त्रीय अर्थ नाही, परंतु पूर्व विदर्भातील बाह्यरुग्ण विभागात ही दोन्ही वर्णने एकाच मुलासाठी उघडावी लागतात.

देशात पर्थेसचे प्रमाण सर्वत्र सारखे नाही. मणिपालच्या बेंजामिन जोसेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात ते नैर्ऋत्य किनारपट्टीवर अधिक आढळले. नागपूरपासून गडचिरोलीपर्यंतचा भाग मात्र सिकलसेलचा आहे. या आजारात ऑक्सिजन कमी पडला की बदललेल्या हिमोग्लोबिनमुळे पेशी विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. खुब्याच्या हाडाचे डोके थोड्याच वाहिन्यांवर जगत असल्याने तेथे ही तूट लवकर जाणवते. पर्थेस बहुधा एकाच बाजूला असतो, तर सिकलसेलमध्ये दोन्ही खुबे जाण्याचा संभव बराच अधिक असतो. शिवाय सिकलसेलची हानी पुष्कळदा किशोरवयात किंवा त्यानंतर दिसते, जेव्हा हाडाची पुन्हा घडण्याची क्षमता ओसरू लागलेली असते.

निदानातील पहिली फसगत दुखण्याच्या जागेची आहे. खुबा आणि गुडघा यांना काही सामाईक मज्जातंतू असल्याने मूल हात गुडघ्यावर ठेवते, गुडघ्याचा फोटो निघतो, तो निर्दोष येतो आणि महिने निघून जातात. मुलाला पालथे झोपवून दोन्ही गुडघे काटकोनात वाकवावेत आणि पावले बाहेरच्या बाजूला सैल सोडावीत. दुखऱ्या बाजूचे पाऊल दुसऱ्याइतके बाहेर पडत नाही, म्हणजे खुब्याचे आत वळणे कमी झाले आहे, एवढे कळायला यंत्र लागत नाही. आईला विचारण्याजोगा प्रश्न तर याहूनही सोपा आहे: जेवायला बसताना लेकराला मांडी घालता येते का? जमिनीवर बसणाऱ्या घरात खुब्याचा आखडलेपणा दवाखान्याच्या आधी पंगतीत दिसतो. ताप असेल तर सांध्यातील पू आणि हाडाचा जंतुसंसर्ग आधी वगळावा लागतो, आणि क्षयाचा विचार या भागात कधीच सोडता येत नाही.

पर्थेसच्या उपचाराचे तत्त्व डोके खोबणीत राखण्याचे आहे. सहा वर्षांखालील अनेक मुलांना उड्या मारणे थांबवणे, व्यायाम आणि नियमित देखरेख पुरते. मोठ्या मुलांत हाड कापून त्याचा कोन बदलण्याची शस्त्रक्रिया करावी लागते, किंवा दोन्ही पाय दांडीने फाकवून ठेवणारे प्लास्टर घालतात. हे प्लास्टर कागदावर स्वस्त दिसते. परंतु रोवणीच्या दिवसांत आई बांधीत, वडील मजुरीला आणि शौचाची सोय घराबाहेर, अशा घरात फाकलेल्या पायांचे मूल उचलायचे कोणी, हा प्रश्न उपचार निवडण्यापूर्वीच विचारला गेला पाहिजे, आणि तो क्वचितच विचारला जातो. सिकलसेलच्या मुलावर शस्त्रक्रिया करताना रक्त देण्याचा निर्णय, पुरेसे पाणी, ऊब आणि ऑक्सिजन यांची आखणी आधी लागते. ती न करता ‘पर्थेस’ म्हणून भूल देणे धोक्याचे आहे. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने सिकलसेलच्या वेदनेचे झटके कमी होतात, तरी मृत झालेले हाड त्याने जिवंत होत नाही.

राज्यात सिकलसेलच्या वाहकाला पिवळे आणि रुग्णाला लाल कार्ड दिले जाते, आणि जुलै २०२३ पासून राष्ट्रीय निर्मूलन मोहीमही सुरू आहे. रक्ताची ही व्यवस्था उभी राहिली, पण हाडाशी तिची गाठ अजून सैल आहे: लाल कार्डाच्या मुलाचा पाय दुखला की तो नेहमीचा झटका समजून गोळी दिली जाते. प्रत्येक भेटीत अशा मुलाचा खुबा तपासावा, आणि खुब्याच्या चित्रात संशय आलेल्या प्रत्येक मुलाची, जात किंवा जमात न विचारता, सिकलसेलची चाचणी व्हावी, असा आग्रह धरणे योग्य ठरेल. सुरुवातीचे क्ष-किरण चित्र निर्दोष असू शकते. त्यामुळे लंगडणे टिकले तर काही आठवड्यांनी ते पुन्हा काढावे किंवा एमआरआय करावा, आणि जुनी चित्रे पालकांच्याच हाती द्यावीत, म्हणजे गोंदियाहून नागपूरला जाताना ती सोबत राहतील.