मनाचे आरोग्य आणि समूहाचा स्वाधिकार
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने मनाच्या आरोग्याविषयी बोलावे याचे तुम्हांपैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु ज्या ग्रंथापासून आमच्या शास्त्राचा आरंभ मानला जातो, त्या १७७६ सालच्या ग्रंथातच ॲडम स्मिथने एका साध्या सदऱ्याची गोष्ट मांडून ठेवली आहे. जगण्यासाठी तागाचा सदरा आवश्यक नाही. प्राचीन ग्रीक व रोमन लोक त्याच्यावाचून सुखाने जगत होते. पण स्मिथच्या काळच्या युरोपात अंगावर असा सदरा नसेल, तर मजुराला चारचौघांत वावरण्याची लाज वाटे. म्हणून तो सदरा चैनीची वस्तू नसून गरजेची वस्तू ठरतो, असे स्मिथ म्हणतो. लाज न वाटता समाजात वावरता येणे ही माणसाची मूलभूत गरज आहे, हे अर्थशास्त्राने दोन शतकांपूर्वीच मान्य केले होते. पुढे आम्ही उष्मांक मोजले, दारिद्र्यरेषा आखल्या. लाज मात्र मोजायची राहून गेली.

आज माझा मुद्दा एवढाच आहे की, ही लाज सर्वांच्या वाट्याला सारखी येत नाही. ती जात, जमात, वर्ण, भाषा, धर्म पाहून वाटली जाते. आणि जिथे ती पिढ्यान्‌पिढ्या साचते, तिथे ती आजाराचे रूप घेते.

मानसिक आजार ही ज्याची त्याची खासगी बाब आहे, फार तर डॉक्टरची आणि औषधाची बाब आहे, असा एक समज रूढ आहे. औषधाचे महत्त्व मी नाकारीत नाही. किंबहुना ते पुरेसे लोकांपर्यंत पोहोचतच नाही, ही आपली पहिली तक्रार असली पाहिजे. २०१५-१६ साली देशातील १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झाले. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता. त्यात प्रौढांपैकी १० टक्क्यांहून अधिक लोक कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने त्या वेळी ग्रस्त असल्याचे आढळले. आणि विकाराविकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नव्हते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने शासकीय सेवेतून उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. तो अमलात आणण्यासाठी झगडणे हे आपले काम आहेच. परंतु माणूस आजारी का पडतो आणि बरा कशाने होतो, या प्रश्नाचे उत्तर केवळ औषधाच्या गोळीत सापडत नाही.

फ्रान्झ फॅनन हे नाव वसाहतवादविरोधी चिंतक म्हणून आपल्या परिचयाचे आहे. तो व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ होता. १९५३ ते १९५६ या काळात अल्जीरियातील ब्लीदा येथील मनोरुग्णालयात त्याने काम केले. रुग्णांच्या सभा, त्यांचे नियतकालिक, चित्रपट, सणसमारंभ अशा सामूहिक जीवनातून उपचार करण्याची पद्धत त्याने तेथे आणली. युरोपीय स्त्रियांच्या विभागात तिला यश आले. अल्जीरियन मुसलमान पुरुषांच्या विभागात ती साफ फसली. रुग्णांत दोष नव्हता. ज्या सभा, जे सण, जे खेळ त्यांच्यापुढे ठेवले होते, ते त्यांचे नव्हतेच. मग तेथे त्यांच्या रिवाजाचे कॉफीगृह उघडले, त्यांचे सण साजरे होऊ लागले, कथा सांगणारे येऊ लागले, आणि विभागात जीव आला. बरे होण्यासाठी माणसाला ज्या समाजात परतायचे असते, तो समाज कोणता, हे उपचार करणाऱ्याने आधी ओळखावे लागते, हा त्यातला धडा आहे.

दुसरे उदाहरण इंग्लंडचे. कॅरिबियन बेटांतून तेथे गेलेल्या लोकांत व त्यांच्या मुलांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण गोऱ्या लोकांच्या तुलनेत बरेच अधिक आढळते. हा वंशाचा दोष असावा, असे म्हणणारे निघालेच. पण जमैकात शोध घेतला, तेव्हा तेथे हे प्रमाण तसे वाढलेले दिसले नाही. पुढे दक्षिण लंडनमधील एका भागाचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. गौरेतर लोकांची वस्ती जिथे विरळ, तिथे त्यांच्यात या आजाराचे प्रमाण अधिक, आणि जिथे वस्ती दाट, तिथे कमी, असे त्यात दिसून आले. अपमान करणारे सर्वत्र असतात. पण अपमान गिळून घरी परतल्यावर शेजारी आपले माणूस आहे की नाही, यावर पुष्कळ काही अवलंबून असते, असाच या आकड्यांचा अर्थ मला दिसतो.

तिसरे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कॅनडात मूळनिवासींच्या सुमारे दीड लाख मुलांना निवासी शाळांत ठेवण्यात आले होते. घरापासून तोडणे, मातृभाषा बोलल्यास शिक्षा करणे, ही त्या शाळांची रीत होती. यातील शेवटच्या शाळा विसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाल्या, आणि २००८ साली तेथील पंतप्रधानांनी संसदेत जाहीर क्षमायाचना केली. या समाजातील तरुणांमध्ये आत्महत्यांचे प्रमाण देशातील इतर तरुणांहून कितीतरी अधिक आहे. ‘मूळनिवासी म्हणजे आत्महत्या करणारे’ अशी जणू एक समजूतच त्यामुळे रूढ झाली होती.

चँडलर आणि लालोंद या दोन संशोधकांनी ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील सुमारे २०० मूळनिवासी समूहांचा १९८७ ते १९९२ या काळाचा अभ्यास केला आणि १९९८ साली तो प्रसिद्ध केला. सरासरीच्या आड काय दडलेले असते, ते त्यातून उघड झाले. निम्म्याहून अधिक समूहांत त्या काळात एकाही तरुणाने आत्महत्या केली नव्हती. काही मोजक्या समूहांत मात्र प्रमाण भयावह होते. हा फरक कशामुळे? संशोधकांनी सहा गोष्टी तपासल्या: जमिनीवरील हक्कासाठी चाललेला लढा, स्वशासन, आणि शिक्षण, आरोग्यसेवा, पोलीस-अग्निशमन व सांस्कृतिक केंद्रे यांवरील समूहाचा स्वतःचा ताबा. ज्या समूहांत या सहाही गोष्टी होत्या, तेथे तरुणांच्या आत्महत्या शून्य होत्या. ज्यांत एकही नव्हती, तेथे प्रमाण सर्वांत अधिक होते. २००७ साली याच गटाने भाषेचा अभ्यास केला. जिथे बहुसंख्य लोक आपल्या भाषेत संभाषण करू शकत होते, तेथे तरुणांच्या आत्महत्या अत्यल्प वा जवळजवळ नाहीतच, असे आढळले.

सहसंबंध म्हणजे कार्यकारणभाव नव्हे, हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो आहे, आणि येथेही सांगतो. तरीही या सहा गोष्टींची यादी पुन्हा डोळ्यांपुढे आणा. नृत्य, वेशभूषा, प्रजासत्ताक दिनाच्या संचलनातला चित्ररथ असले त्यात काहीही नाही. जमीन आहे, सत्ता आहे, शाळा आहे, दवाखाना आहे. संस्कृती माणसाला सावरते ती शोभेची वस्तू म्हणून नव्हे. आपला काल आपला होता आणि आपला उद्या आपण ठरवणार आहोत, हा विश्वास तरुणाला मिळतो, तेव्हा ती सावरते. भाषा आणि जमीन, अस्मिता आणि अर्थकारण हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. डाव्या विचारांच्या मंडळींत संस्कृतीला केवळ वरचा इमला समजण्याची एक सवय आहे. पोटाचा प्रश्न सुटला की मनाचा आपोआप सुटेल, असे त्यांना वाटते. ब्रिटिश कोलंबियातील आकडे त्याला दुजोरा देत नाहीत.

महाराष्ट्राला हे नवे वाटण्याचे कारण नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले, तो संघर्ष केवळ पाण्यासाठी नव्हता. समान माणूस म्हणून उभे राहण्यासाठी होता, हे डॉ. आंबेडकरांनी निःसंदिग्धपणे सांगितले होते. शतकानुशतके दबलेल्या लक्षावधी मनांवर त्या ओंजळीने जो उपचार केला, तो कोणत्या रुग्णालयाला जमला असता?

पण तो लढा संपलेला नाही. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी रोहित वेमुला याने, आणि मे २०१९ मध्ये मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी हिने आपले जीवन संपविले. पायल ही तडवी भिल्ल समाजातील. वरिष्ठ सहकाऱ्यांकडून जातीवरून छळ झाल्याचा आरोप तिच्या कुटुंबीयांनी केला, आणि प्रकरण न्यायालयात गेले. आत्महत्येचे कारण एकच कधी नसते, आणि न्यायालयाचे काम मी करणार नाही. परंतु या दोघांच्या मातांनी २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका करून जे मागितले, ते प्रत्येक कार्यकर्त्याने लक्षात घ्यावे. भेदभाव रोखण्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१२ चे नियम कागदावरून व्यवहारात यावेत, ही त्यांची मागणी होती. आपल्या अपत्याला दुबळ्या मनाचे ठरवू देण्यास त्यांनी नकार दिला आणि प्रश्न संस्थेच्या दारात नेऊन ठेवला. समुपदेशकाची खोली आवश्यक आहे; पण वसतिगृहात आणि प्रयोगशाळेत अपमान चालू ठेवून त्या खोलीत सहनशक्ती शिकविणे हा उपचार नव्हे.

आता गडचिरोलीकडे पाहा. मेंढा-लेखा या गोंड गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतःच्या अधिकारात बांबू विकू लागली. याच जिल्ह्यातील मोहगाव येथे ग्रामसभांनी २०१९ साली गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. तिला मान्यता नाही म्हणून शिक्षणखात्याची नोटीस आली आणि वाद न्यायालयापर्यंत गेला. जंगल, ग्रामसभा, शाळा, भाषा: कॅनडातल्या यादीतलीच ही नावे आहेत. पहिलीतले मूल ज्या भाषेत आईशी बोलते, ती भाषा शाळेच्या उंबरठ्याबाहेर ठेवायला आपण त्याला सांगतो, तेव्हा चपलांबरोबर ते आणखी काय बाहेर ठेवून आत येते, याचा विचार करा. मराठीच्या सन्मानासाठी झटणाऱ्यांनी तर गोंडीच्या शाळेच्या पाठीशी सर्वांत आधी उभे राहिले पाहिजे.

एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. समूह माणसाला सावरतो, तसा तो माणसाला चिरडूही शकतो. जातपंचायतींच्या बहिष्काराने महाराष्ट्रात कितीतरी कुटुंबांचे जिणे असह्य केले, म्हणून तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. आजारी स्त्रीला भूतबाधा झाली म्हणून मारझोड करणे हीही परंपराच होती. तिच्याविरुद्ध २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तेव्हा ‘आमची संस्कृती’ म्हटले की प्रश्न संपत नाही. त्या संस्कृतीत निर्णय कोण घेते, स्त्रीचा आवाज ऐकला जातो की नाही, हे विचारावेच लागेल. दुसऱ्या समूहाच्या द्वेषावर पोसलेली अस्मिता क्षणभर धुंदी देते, मनाला आरोग्य देत नाही. आपण मागतो तो स्वाधिकार समूहाला जसा, तसाच त्या समूहातील शेवटच्या व्यक्तीलाही मिळाला पाहिजे.

साथींनो, या विवेचनातून कामे निघतात. आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मनोविकारांवरची औषधे मिळतात का, रुग्णाशी त्याच्या बोलीत बोलणारे कोणी आहे का, हे जाऊन पाहा. १४४१६ या शासनाच्या विनाशुल्क मानसिक साहाय्य सेवेचा क्रमांक वस्तीवस्तीत पोहोचवा. महाविद्यालयांतील भेदभावविरोधी समित्यांच्या बैठका कधी झाल्या, याची माहिती मागा. वनहक्काचे दावे आणि मातृभाषेतील शाळांची मागणी ही आरोग्याचीही मागणी आहे, असे निवेदनात स्पष्ट लिहा. आणि एखादा तरुण सहकारी सभांना यायचा थांबला, अबोल झाला, तर ‘चळवळीपासून दुरावला’ असा शेरा मारण्याआधी त्याच्या घरी जाऊन बसा. त्याला उपचाराची गरज असेल तर सोबत करा. अपमानाची तक्रार असेल तर ती आपली माना. समतेचा लढा माणसे वाचविण्यासाठीच असतो, आणि ते काम जवळच्या माणसापासून सुरू होते.