माईक बदलण्याआधी डिस्क बघा
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या गटांतल्या मुली गावातल्या आज्यांच्या जात्यावरच्या ओव्या कॉम्प्युटरवर भरून घेतायत. हे काम आधीही झालंय. हेमा रायरकर आणि गी प्वातवँ यांनी पुणे जिल्ह्यात सुरू केलेल्या कामातून लाखाच्या वर ओव्या जमल्या. आपलं काम लहान, पण आज्या आपल्या आहेत.

आता तक्रार अशी की आवाज मध्येच तुटतो, टक-टक येतं, कधी रेकॉर्डिंग आपोआप बंद पडतं. एका गटाने नवीन माईकचा ठरावसुद्धा केला. जरा थांबा बायांनो! माईक असा क्वचितच वागतो. आधी डिस्क बघा.

जात्याखाली पीठ साचलं आणि कुणी भरून घेतलंच नाही, तर ते बाहेर सांडतं. इथंही तसंच. कॉम्प्युटर आवाज आधी थोडा थोडा धरून ठेवतो, मग डिस्कवर ओततो. डिस्क मंद असली किंवा दुसऱ्या कामात अडकली, की मधला तुकडा सांडतो. पीठ गोळा करता येतं, हा आवाज नाही. म्हणून रेकॉर्डिंग चालू असताना दुसरं काही उघडू नका, इंटरनेट बंद ठेवा, अपडेट नंतर. आणि थेट पेनड्राइव्हवर रेकॉर्डिंग नको. आधी कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवर, मग कॉपी.

जागेचं गणित आपल्याला जमतं. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज मिनिटाला साधारण १० एमबी खातो, म्हणजे तासाला ६०० एमबीच्या वर. एका आजीला एकच माईक असतो, तेव्हा मोनो ठेवा, निम्म्यात भागतं. ऑडॅसिटी वापरणाऱ्यांनी याच्या दुप्पट धरा, कारण ते काम चालू असताना आवाज जास्त बारकाईने साठवतं. त्याची आणखी एक खोड आहे. प्रोजेक्ट आधी सेव्ह केला नाही, तर ते तात्पुरत्या फोल्डरमध्ये भरत राहतं, आणि तो बहुतेक सी ड्राइव्हवर असतो. डी रिकामा, सी गच्च, आणि रेकॉर्डिंग बंद! म्हणून पहिल्यांदा प्रोजेक्ट डी ड्राइव्हवर सेव्ह करायचा, मगच लाल बटण.

जुन्या पेनड्राइव्हवर जागा असूनही मोठी फाईल जात नाही, तर तो बहुधा फॅट३२ असतो. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसत नाही. तुकडे करून टाका.

डिस्कमधून कटकट आवाज आला, फोल्डर उघडायला फार वेळ लागला, तर दुरुस्ती नंतर, आधी कॉपी. ‘फॉरमॅट करायचं का?’ असं विचारलं तर ‘नाही’ दाबा. त्यावर नवीन काही भरू नका, जाणकाराकडे न्या.

दोन-तीन आज्या पंच्याऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांना दम लागतो. ‘आजी, परत म्हणा’ असं किती वेळा म्हणणार? म्हणून आधी आपल्यापैकीच कुणीतरी पाच मिनिटं गाऊन बघा, हेडफोन लावून शेवटपर्यंत ऐका, मग आजीला बसवा. त्याच संध्याकाळी दोन कॉप्या करा. एक संघाच्या कपाटात, दुसरी वेगळ्या गावी. एकाच घरात दोन्ही ठेवल्या तर उपयोग काय?

पुढच्या सभेला आपापले ड्राइव्ह घेऊन या. माईकचा ठराव त्यानंतर घेऊ.