आजीच्या ताटात डोकावून पाहा

(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली, घर सांभाळणारी बाई. आजचा विषय खरा डॉक्टरांचा. पण वाढण्याचे काम आपले, म्हणून बोलण्याचे धाडस करते.

घरातले वडीलधारे माणूस विसरू लागले, उगीच रडू लागले, संशय घेऊ लागले, की 'म्हातारचळ लागला' म्हणून आपण मोकळ्या होतो. माझे सांगणे इतकेच, की असा शिक्का मारण्याआधी त्यांच्या ताटात डोकावून पाहावे.

ब-१२ नावाचे एक जीवनसत्त्व आहे. १९४८ साली शास्त्रज्ञांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळे काढले. रक्ताला आणि मज्जातंतूंना त्याची गरज असते. ते कमी पडले की हातापायांना मुंग्या येतात, विसर पडतो, मन खिन्न आणि चिडचिडे होते. रोज लागते अवघे दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅम. पण भाजी, डाळ, भाकरी यांत ते नसते. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळते. शिवाय उतारवयात पोटातले आम्ल कमी होते, त्यामुळे खाल्लेलेही नीट अंगी लागत नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनाही ते कमी पडू शकते. पुण्याच्या शहरी व ग्रामीण भागांतील ४४१ पुरुषांची तपासणी २००६ साली प्रसिद्ध झाली. तीत दर तिघांपैकी दोघांना ते कमी निघाले. मग सर्वांच्या मागून जेवणाऱ्या बायकांचे काय?

आमच्या सासूबाईंचेच पाहा. जन्माच्या शाकाहारी. दूध नातवंडांना, स्वतःला पाणीदार चहा, उपवासाला साबूदाणा. पंचाहत्तरीनंतर माझ्या धाकट्या जावेवर किल्ल्या चोरल्याचा आळ घेऊ लागल्या. घरात दोन चुली होण्याची वेळ आली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला सांगितले, तर ब-१२ फारच कमी. इंजेक्शने झाली, मग गोळ्या. तीन-चार महिन्यांत आळ थांबले. नावे अजून विसरतात, पण 'जेवलीस का गं?' असे जावेला आपणहून विचारतात.

प्रत्येक विसराळूपणा असा बरा होत नाही, हेही सांगितले पाहिजे. पण जो होण्यासारखा आहे तो वेळीच ओळखावा. फार उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी भरून येत नाही. आणि एकदा कमतरता निघाली की नुसत्या दुधावर भागत नाही, डॉक्टरांच्या सल्ल्याने औषधच घ्यावे लागते.

आणखी दोन गोष्टी. म्हातारपणी तहान कमी लागते आणि अंगातले पाणी कमी झाले तरी माणूस गोंधळतो, बरळतो. म्हणून पाणी, ताक, पेज आठवणीने हातात द्यावे. दात नसतील तर मुगाची मऊ खिचडी, वरणात कुस्करलेली पोळी द्यावी आणि शेजारी बसून जेवावे. एकट्या माणसाला घास गोड लागत नाही.

भगिनींनो, आपणही चाळिशी ओलांडली आहे. सगळ्यांचे झाल्यावर उरले तर दूध घ्यायचे, ही रीत आपल्यापासूनच मोडू या. सासूबाईंचा एक पेला आणि आपला एक, आधी बाजूला काढून ठेवावा.