थेंबाथेंबाचा हिशेब



शहरातल्या श्रोत्यांपुढे ट्रॅक्टरच्या बॅटरीची कथा कशाला, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात आली असेल. परंतु 2020 सालची टाळेबंदी आठवून पाहा. कित्येकांच्या मोटारी महिनोन्‌महिने दारात उभ्या होत्या, आणि पुढे किल्ली फिरवली तेव्हा त्यांतल्या बऱ्याच मुक्या राहिल्या. यंत्र वापराने झिजते, हे आपण सारेच जाणतो. बॅटरी मात्र नुसती पडून राहिल्यानेही मरते. हे कसे घडते आणि त्यावर उपाय काय, एवढेच आज आम्ही सांगणार आहोत.

कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातील गहू पिकविणाऱ्या शेतकऱ्यावर असली टाळेबंदी दरवर्षीच येते. नोव्हेंबर उजाडला की जमीन गोठते, पारा कधी कधी उणे 30 अंशांच्याही खाली उतरतो, आणि मार्चअखेरपर्यंत ट्रॅक्टर छपराखाली उभा राहतो. पुढे पेरणीचे दिवस येतात ते मोजकेच. दोन हिमकाळांमधील मुदत इतकी आखूड, की पेरणीचे चार दिवस वाया गेले तर सुगीच्या वेळी त्यांची किंमत मोजावी लागते. अशा सकाळी ट्रॅक्टरने साथ दिली नाही, तर त्या शेतकऱ्याचा जीव किती टांगणीला लागत असेल, हे आपल्याकडील वाफसा हुकलेल्या शेतकऱ्याला वेगळे सांगावयास नको.

आता बॅटरीच्या पोटात डोकावू. शिसे आणि गंधकाम्ल यांची ही बॅटरी गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 साली सिद्ध केली. तिच्यातून वीज खर्च होऊ लागली की शिशाच्या पट्ट्यांवर एका क्षाराचे बारीक कण जमतात. बॅटरी लगेच भरली तर ते विरघळून जातात. ती उतरलेलीच राहिली तर त्यांचे कठीण खडे बनतात आणि पट्ट्यांचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. दुसरे संकट थंडीचे. पूर्ण भरलेल्या बॅटरीतील आम्ल उणे 50 अंशांतही गोठत नाही. परंतु उतरलेल्या बॅटरीत आम्लाचे जवळजवळ पाणीच झालेले असते, आणि ते उणे 10 अंशांच्या आसपास गोठून डबा फोडू शकते. म्हणजे हिवाळा भरलेल्या बॅटरीला सोसतो, रित्या बॅटरीला मारतो.

पण उभ्या ट्रॅक्टरची वीज जाते तरी कोठे? थोडी बॅटरीच्या आतल्या आत जिरते. थंडीत ही गळती मंद असते. खरी गळती आहे नव्या ट्रॅक्टरमधील घड्याळ आणि संगणक यांची. समजा, ही उपकरणे 20 मिलीअँपिअर एवढाच प्रवाह खातात. दिवसाला सुमारे अर्धा अँपिअर-तास झाला. दीडशे दिवसांत 72! शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीत मग उरले काय?

येथे सूर्य मदतीस येतो. सिलिकॉनचा उपयुक्त सौर घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने 1954 साली लोकांपुढे आणला. तो सूर्यप्रकाशाच्या सुमारे सहा टक्केच भागाची वीज करी. आज बाजारातील चांगले पॅनेल वीस टक्क्यांच्या पुढे गेले आहे. दुसऱ्याच वर्षी जॉर्जिया राज्यातील अमेरिकस या गावी ग्रामीण टेलिफोनच्या तारेसाठी असे घट खांबावर बसविले गेले, आणि रात्रीकरिता त्यांच्या जोडीला बॅटरी होती. उन्हाने बॅटरी भरण्याची ही युक्ती पहिल्यापासूनच खेड्याच्या कामी आली.

दहा वॅटचे पॅनेल भर उन्हात सुमारे 0.6 अँपिअर प्रवाह देते. हिवाळ्यात दिवसाकाठी दोनच तासांचे भर ऊन पदरात पडते असे धरले, तरी 1.2 अँपिअर-तास जमा आणि अर्धा खर्च. ढगाळ दिवसांसाठी शिल्लकही उरते. मात्र 50 अक्षांशावर डिसेंबरात माध्यान्हीचा सूर्यदेखील क्षितिजापासून जेमतेम 16-17 अंश वर असतो. म्हणून पॅनेल छपरावर आडवे न टाकता दक्षिणेकडील भिंतीवर जवळजवळ उभे लावावे. त्यावर बर्फही साचत नाही. रात्री प्रवाह उलटा वाहू नये म्हणून मध्ये डायोड हवा, आणि बॅटरी अति भरू नये म्हणून चार्ज कंट्रोलर हवा. अति भरण्याने पाणी आटते आणि ज्वालाग्राही हायड्रोजन वायू सुटतो.

पण आम्हांस येथे एक इशारा द्यावासा वाटतो. हे पॅनेल राखण करते, मेलेल्यास उठवीत नाही. बॅटरी आधी पूर्ण भरून मगच ते जोडावे. गोठलेल्या बॅटरीला तर कोणतीही वीज देऊ नये, ती फुटण्याचा धोका असतो. आणि जुन्या, संगणक नसलेल्या ट्रॅक्टरला पॅनेलची गरजही बहुधा नसते. बॅटरी भरून ऋण टोकाची तार सोडून ठेवली, की थंडीत ती वसंतापर्यंत तग धरते. जो उपाय फुकट होतो, त्यासाठी पैसे खर्चण्यात शहाणपण नाही.

आपल्याकडे बर्फ नाही, म्हणून आपण निश्चिंत राहावे काय? नाही. उष्णतेने बॅटरीची आतली गळती वाढते. तापमान दहा अंशांनी चढले की ती साधारणतः दुप्पट होते. म्हणून विदर्भातल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली उभ्या असलेल्या ट्रॅक्टरची बॅटरी कॅनडातल्या बॅटरीहून आतून अधिक वेगाने रिती होते. तेथे वैरी बर्फ, येथे धूळ. पॅनेल पुसत राहिले म्हणजे झाले.

गळती किती हे आधी मोजावे, आणि तेवढीच भर रोजच्या रोज घालावी. या विषयाचे सार इतकेच आहे. बॅटरी मेल्यावर नवी घेण्याचा खर्च मोठा असतो, आणि हुकलेली पेरणी तर कोणत्याही दुकानात मिळत नाही.